ग्रीन झोन, १२० मीटरच्या आत, तरीही हेलिकॉप्टर जवळून गेलं: चुकलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलजवळ संत्र्याच्या बागेचं मॅपिंग चालू होतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा हिरवी, ड्रोन ११० मीटरवर आणि नजरेच्या टप्प्यात. अचानक हेलिकॉप्टर आलं, ड्रोनच्या पायलटने घाईत रिटर्न टू होमचं (ड्रोनला आपोआप परत आणणारं) बटण दाबलं, आणि ड्रोन खाली येण्याऐवजी आणखी वर चढला. नियम पाळले होते, मग चूक कोणती? हेलिकॉप्टरपासून किती अंतर पुरे? आणि पुढचं काम नागपूरच्या बेसा भागातल्या बांधकामाच्या साइटवर आहे, तिथे काय वेगळं करावं लागेल?

नियम पाळले होते हे खरं. पण ग्रीन झोनचा अर्थ एवढाच की तिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. आकाश तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय असा त्याचा अर्थ होत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत हे स्पष्ट आहे: माणसं असलेल्या विमानाचा मार्गाचा हक्क पहिला, आणि ड्रोनने त्यापासून दूर राहायचं. हेलिकॉप्टरच्या पायलटने तुम्हाला टाळावं अशी अपेक्षाच ठेवता येत नाही, कारण त्याला तुमचा ड्रोन दिसत नाही. बागेच्या हिरव्यागार पार्श्वभूमीवर दीड फुटाची वस्तू ताशी २०० किलोमीटरच्या वेगात कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. त्यामुळे अंतर राखायचं सगळं काम तुमच्याकडेच येतं, आणि त्यातलं बहुतेक काम टेकऑफच्या आधी करायचं असतं.

सुरुवात उंचीपासून करू, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. ड्रोनला ग्रीन झोनमध्ये १२० मीटर म्हणजे ४०० फुटांची मर्यादा आहे. नजरेने उडणाऱ्या विमान-हेलिकॉप्टरला मोकळ्या रानावर सर्वसाधारणपणे ५०० फुटांच्या, म्हणजे १५० मीटरच्या खाली यायचं नसतं. दाट वस्तीवर ही मर्यादा ६०० मीटर परिसरातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर १००० फूट आहे. म्हणजे काटोलच्या शेतावर कागदावरचं अंतर फक्त ३० मीटर उरतं, तेही दोन्ही बाजूंची उंची बरोबर असेल तर. शिवाय उतरताना, चढताना किंवा खास परवानगी असताना हेलिकॉप्टरला १५० मीटरची अट लागू नसते.

आता ही उंची मोजली कशी जाते ते पाहा. हेलिकॉप्टरचा उंचीमापक जवळच्या विमानतळाने दिलेल्या हवेच्या दाबावर लावलेला असतो आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. नागपूरचा सोनेगाव विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर आहे. तुमचा ड्रोन मात्र टेकऑफच्या जागेला शून्य धरतो. दोघांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या स्क्रीनवरचे ११० मीटर हे ड्रोनच्या पायाखालच्या जमिनीपासूनचे नसतात, ते टेकऑफच्या जागेपासूनचे असतात. बरड्यावर उभं राहून उडवलं आणि ड्रोन नाल्याच्या काठच्या बागेवर गेला, जमीन २० मीटर खाली असली, की ११० चे १३० झाले. रामटेकच्या गडासारख्या ठिकाणी वरून उडवून पायथ्याकडे ड्रोन नेला, तर फरक किती पडेल याचा अंदाज तुम्हीच करा. स्क्रीनवर मात्र कुठेच लाल खूण येत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. ड्रोनमधला बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि त्या सूत्रात प्रमाण वातावरण गृहीत असतं. ३१५ मीटरवर प्रमाण तापमान १३ अंशांच्या आसपास धरलं जातं. मे महिन्यात पारा ४५ वर असतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच दाब कमी व्हायला जास्त उंची चढावी लागते. केल्व्हिनमध्ये गुणोत्तर काढलं तर ३१८ भागिले २८६, म्हणजे साधारण १.११. बॅरोमीटर १२० मीटर दाखवतो तेव्हा ड्रोन खरोखर १३३ मीटरच्या आसपास असतो. ३० मीटरच्या अंतरातले १३ इथेच गेले. काही फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचं नियंत्रण करणारे बोर्ड) तापमानाची दुरुस्ती लावतात, पण त्यांचा सेन्सर बोर्डावर बसवलेला असतो आणि उन्हात ठेवलेल्या ड्रोनचं बोर्ड हवेपेक्षा बरंच तापलेलं असतं, त्यामुळे ती दुरुस्तीही भरवशाची नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तापमान प्रमाणाच्या जवळ असतं, तेव्हा ही चूक नगण्य असते. जीपीएसच्या उंचीला ही अडचण नाही, पण तिच्यात पाच-दहा मीटरची हालचाल सहज होते आणि बहुतेक ड्रोन उंची सांभाळायला बॅरोमीटरवरच जास्त भिस्त ठेवतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. विदर्भात जिओफेन्सची (ड्रोनने ओलांडू नये म्हणून सेटिंगमध्ये आखलेल्या हद्दीची) कमाल उंची १०० मीटरच्या वर ठेवू नका, एप्रिल ते जूनमध्ये तर ९० ठेवा, आणि जमीन उताराची असेल तर तो उतार त्यातून वजा करा. मॅपिंगच्या ॲपमध्ये जमिनीच्या चढउताराप्रमाणे उडण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. मॅपिंगला १२० मीटरची गरज फारच क्वचित असते. एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याने १०० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये सुमारे २.७ सेंटिमीटर जमीन येते, ६० मीटरवरून १.६. संत्र्याची झाडं मोजायला, खाडे (झाड मेलेल्या रिकाम्या जागा) शोधायला दोन्ही पुरेसं आहे. ६० मीटरवर ओळी वाढतात आणि वेळ पावणेदोन पट लागतो, पण त्या बदल्यात जे मिळतं ते पुढच्या हिशेबात दिसेल.

हेलिकॉप्टर १२० नॉटने येतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला ६२ मीटर. तुमचा ड्रोन १०० मीटरवर आहे आणि सेकंदाला ३ मीटरने खाली येऊ शकतो. १०० वरून १० मीटरवर यायला ३० सेकंद. आवाज ऐकून, दिशा ओळखून, मिशन (आधी आखलेलं आपोआप उड्डाण) थांबवून रिमोटची काडी खाली ओढेपर्यंत ५ सेकंद गेले असं उदारपणे धरू. ३५ सेकंदांत हेलिकॉप्टर जवळजवळ २.२ किलोमीटर येतं. म्हणजे ते सव्वादोन किलोमीटरवर असतानाच तुमचं काम सुरू झालं पाहिजे. हाच हिशेब ६० मीटरवरून केला तर २२ सेकंद, आणि सुमारे १.४ किलोमीटर. शांत रानात हेलिकॉप्टरचा आवाज दोन किलोमीटरवरून येऊ शकतो, पण वाऱ्याच्या उलट बाजूने येत असेल, शेजारी ट्रॅक्टर किंवा फवारणीच्या ड्रोनचा जनरेटर चालू असेल, तर एक किलोमीटरवरही कळत नाही. वर्धा रोडच्या रहदारीत तर विसराच. खालून उडणं म्हणजे हे सेकंद विकत घेणं आहे.

आर्डुपायलट हे ड्रोन चालवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. पायलटने काडी पूर्ण खाली ओढल्यावरचा डिफॉल्ट वेग सेकंदाला २.५ मीटर आहे, त्यामुळे वरचे ३० सेकंद ३६ होतात. तो ३ ते ४ पर्यंत वाढवून मोकळ्या जागेत आधी तपासून घ्या. त्याहून जास्त वेगाने सरळ खाली आणलं तर ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेत शिरतो, डुलायला लागतो आणि ताबा जातो. म्हणून तिरकं खाली आणायचं.

आता त्या बटणाबद्दल. रिटर्न टू होम हे रिमोटशी लिंक तुटल्यावर ड्रोन परत यावा म्हणून आहे, विमान टाळायला नाही. त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढायचं, मग होम पॉइंटपर्यंत, म्हणजे टेकऑफच्या जागेपर्यंत, आडवं यायचं, मग उतरायचं. तुमच्या सेटिंगमध्ये ही उंची १२० असणार. ड्रोन ११० वर होता, म्हणून आधी १० मीटर चढला. समजा तो ४०० मीटर दूर होता आणि परतीचा वेग सेकंदाला १० मीटर, तर त्यानंतरचे ४० सेकंद तो त्याच उंचीवर आडवा येत राहिला असता. जिथून हेलिकॉप्टर जाणार तिथेच, सगळ्यात जास्त वेळ.

परतीची उंची जागेप्रमाणे लावायची असते: त्या शेतातला सगळ्यात उंच अडथळा अधिक १५ ते २० मीटर. बागेत झाडं ५-६ मीटरची, पण बाजूने उच्चदाबाची लाइन गेली असेल तर मनोरा ३० मीटरचाही असतो. मग ४५ ते ५० पुरे. आर्डुपायलटच्या अनेक आवृत्त्यांत ही उंची सेंटिमीटरमध्ये भरावी लागते. ५० मीटरसाठी ५००० लिहायचं. ५० लिहिलं तर अर्धा मीटर होतो आणि ड्रोन ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवरून परत येतो, वाटेत झाड असो वा तार. हेही लक्षात ठेवा की ड्रोन आधीच परतीच्या उंचीच्या वर असेल तर तो खाली येत नाही, आहे त्याच उंचीवरून येतो. म्हणजे उंची कमी लावली तरी हेलिकॉप्टर दिसल्यावर हे बटण उपयोगाचं नाहीच.

त्या वेळी करायचं ते असं. मिशन चालू असेल तर आधी मोडचा स्विच लॉयटरवर (ड्रोनला जागीच तरंगत ठेवणाऱ्या मोडवर) टाका किंवा मिशन थांबवा, नाहीतर ऑटो मोडमध्ये काडी ओढून काही होत नाही आणि चार सेकंद वाया जातात. मग डावी काडी पूर्ण खाली, आणि उजव्या काडीने हेलिकॉप्टरच्या मार्गाशी काटकोनात दूर. मार्ग कळत नसेल तर दिशेच्या विचारात वेळ घालवू नका, नुसतं खाली आणा. झाडांच्या शेंड्यांच्या थोडं वर आलं की थांबवा किंवा तिथेच उतरवा. तुरीत उतरला तर पंख्यांची दोन पाती मोडतील. वर तसाच घोटाळत ठेवून 'गेलं की पुन्हा सुरू करू' हा विचार सगळ्यात घातक. एक गेल्यावर दुसरं मागून येण्याची शक्यता असते, व्हीआयपी दौऱ्यात तर हमखास, म्हणून आवाज पूर्ण विरून दोन-तीन मिनिटं झाल्याशिवाय पुन्हा वर नेऊ नका. ही कसरत सरावाची आहे. टीममधल्या कोणीही मध्येच 'खाली!' म्हणायचं आणि पायलटने २० मीटरच्या खाली येऊन दाखवायचं, घड्याळ लावून. महिन्यातून एकदा तरी.

आकाशावर नजर ठेवणारा निरीक्षक वेगळा हवाच. मॅपिंगमध्ये पायलटचे डोळे स्क्रीनवर असतात, त्याच्याकडून आकाश पाहायची अपेक्षा ठेवू नका. निरीक्षकाच्या हातात मोबाइल नको आणि त्याला दुसरं काम नको, बॅटऱ्या बदलायचंसुद्धा नाही. आकाशावरून सरसर नजर फिरवली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. दहा-दहा अंशांचा तुकडा घ्यायचा, प्रत्येकावर किमान एक सेकंद नजर थांबवायची, मग पुढचा. क्षितिजाच्या थोडं वर जास्त वेळ द्यायचा, कारण दोन किलोमीटरवरचं खालून उडणारं हेलिकॉप्टर डोक्यावर नसतं, झाडांच्या रेषेला लागून असतं. जी वस्तू आकाशात सरकताना दिसते ती बाजूने जाते. जी जागची हलत नाही आणि फक्त मोठी होत जाते, ती तुमच्याकडेच येतेय. हाक मारताना 'डावीकडून' म्हणू नका, पायलटचं डावं आणि तुमचं डावं वेगळं असू शकतं. उडवण्याआधी खुणा ठरवा: विहिरीकडून, मनोऱ्याकडून, रस्त्याकडून. 'विहिरीकडून हेलिकॉप्टर, खाली!' एवढं पुरे.

नजरेच्या टप्प्यात म्हणजे काय हेही नीट ठरवा. ३५ सेंटिमीटरचा ड्रोन ५०० मीटरवर ठिपका म्हणून दिसतो, पण त्याचं तोंड कुठे आहे, तो वर जातोय की खाली, हे कळत नाही. तोंड कळतं ते सुमारे ३०० मीटरपर्यंत. काम त्या वर्तुळात बसवा आणि मोठी बाग असेल तर टेकऑफची जागा बदला. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटाजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक फँटम ४ ड्रोन धडकला. ड्रोन उडवणाऱ्यापासून सुमारे चार किलोमीटर दूर होता, नजरेआड. तिथे त्या दिवसांत तात्पुरते निर्बंध लागू होते, ते त्याला माहीत नव्हते, कारण तो ॲपवर विसंबून होता. आणि टक्कर झाली ती सुमारे ३०० फुटांवर, म्हणजे ४०० फुटांच्या आत. उंचीची मर्यादा एकटी कोणाला वाचवत नाही.

हेलिकॉप्टर येणार हे आधी कळू शकलं असतं का? बऱ्याचदा कळतं. तालुक्याच्या ठिकाणी सभा, उद्घाटन किंवा मंत्र्यांचा दौरा असला की तात्पुरतं हेलिपॅड तयार होतं. सार्वजनिक बांधकाम विभागाची माणसं शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या मैदानात चुन्याने वर्तुळ आणि त्यात 'एच' काढतात, धूळ बसवायला टँकरने पाणी मारतात, अग्निशमनची गाडी उभी राहते. हे आदल्या दिवशीपासून दिसतं. शेतात जाण्याआधी पोलिस ठाण्यात आणि तहसील कार्यालयात एक फोन करायचा: आज-उद्या हेलिकॉप्टर उतरणार आहे का, कुठे, किती वाजता? उतरणारं हेलिकॉप्टर एकास आठच्या उताराने आलं तरी हेलिपॅडपासून एक किलोमीटरवर ते १२५ मीटर उंचीवर असतं, आणि अनेक पायलट याहून सपाट उताराने येतात. म्हणून चालू हेलिपॅडपासून तीन किलोमीटरच्या आत ठरलेल्या वेळेच्या आधी आणि नंतर एक तास उडवूच नये. वेळा पुढे-मागे होतात, दौरा दोन तास उशिरा धावणं ही नेहमीचीच गोष्ट आहे.

दुसरा मार्ग नोटॅमचा, म्हणजे वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या सूचनांचा. नागपूर विमानतळाच्या आणि मुंबई उड्डाण माहिती क्षेत्राच्या अशा दोन्ही नोटॅम पाहायच्या, कारण नागपूरचं आकाश त्या क्षेत्रात येतं. वाचताना दोन ठिकाणी हमखास चुका होतात. पहिली वेळेची: नोटॅममधली वेळ जागतिक प्रमाण वेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०४३० ते ०८३० म्हणजे आपल्याकडे सकाळी १० ते दुपारी २. दुसरी जागेची: '२११६ एन ०७८३५ ई' हे २१ अंश १६ मिनिटं उत्तर आणि ७८ अंश ३५ मिनिटं पूर्व असतं, काटोलच्या जवळचा बिंदू. ते नकाशात २१.१६, ७८.३५ असं टाकलं तर खूण सुमारे २७ किलोमीटर नैऋत्येला जाऊन पडते आणि 'आपल्याकडे काही नाही' असं वाटतं. मिनिटांना ६० ने भागून घ्या: २१.२६७, ७८.५८३. त्रिज्या सागरी मैलांत असते, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर.

तिसरं, डिजिटल स्कायचा नकाशा काम ठरवताना एकदा आणि उडवायच्या सकाळी पुन्हा पाहायचा. पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागात एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही असा भाग) जाहीर करू शकतो. नागपुरात डिसेंबरमधल्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास शहरातलं कोणतंही काम घेण्याआधी पोलिस आयुक्तालयात विचारल्याशिवाय तारीख देऊ नका. काटोल-कळमेश्वर पट्टा विमानतळापासून लांब असला तरी अमरावती रोडच्या बाजूला स्फोटकांचे कारखाने आहेत. तिथल्या शेतांचा रंग अंदाजाने धरायचा नाही, प्रत्येक गट नंबरचे चारही कोपरे नकाशावर तपासायचे.

बेसाच्या साइटचं गणितच वेगळं आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, शून्य मीटरपासून. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत मोकळीक, त्यावर परवानगी. हे अंतर हद्दीच्या भिंतीपासून धरायचं, टर्मिनलपासून नाही, आणि धावपट्टीच ३२०० मीटर लांब असल्याने या दोन्हींत मोठा फरक पडतो. बेसा, मनीषनगर, खामला, जयताळा तर सोडाच, धरमपेठ आणि सीताबर्डीसुद्धा ८ किलोमीटरच्या आत येतात. साइटचा बिंदू नकाशावर पिवळ्यात असेल तर डिजिटल स्कायवरून एटीसीची (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी. लाल असेल तर एटीसीचा होकार पुरत नाही, केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि सोनेगावला हवाई दलाचाही तळ आहे हे लक्षात घेऊन वेळ धरा. बिल्डरला 'पुढच्या आठवड्यात करून देतो' असं सांगू नका.

अर्जात कमीत कमी मागा. '१२० मीटर, पूर्ण दिवस' असं मागणाऱ्यापेक्षा 'इमारत ३५ मीटरची, उंची ५० मीटर, साइटभोवती १५० मीटर त्रिज्या, सकाळी ७ ते ८' असं मागणाऱ्याला होकार मिळणं सोपं जातं, कारण एटीसीला त्यावर नियोजन करता येतं. उंची जमिनीपासूनची आणि समुद्रसपाटीपासूनची अशी दोन्ही लिहा. जमीन ३१० मीटरवर असेल तर ५० ची ३६० मीटर, म्हणजे सुमारे ११८० फूट. टॉवरच्या डोक्यात हाच आकडा असतो.

धावपट्टी १४-३२ आहे, म्हणजे विमानं वायव्य-आग्नेय रेषेत येतात-जातात. तीन अंशांच्या नेहमीच्या उताराने येणारं विमान धावपट्टीच्या टोकापासून ५ किलोमीटरवर सुमारे २७५ मीटर उंचीवर असतं, ३ किलोमीटरवर १७० च्या आसपास. वायव्येकडे ही रेषा वाडी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूने जाते, तिथे काम असेल तर हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा. बेसा या रेषेवर नाही, पण त्यामुळे निश्चिंत होऊ नका. प्रशिक्षणाची छोटी विमानं धावपट्टीच्या बाजूने चक्कर मारतात, साधारण १००० फुटांवर, आणि हेलिकॉप्टरला धावपट्टीच्या रेषेत यायची गरजच नसते. फेन्सला मंजूर वर्तुळाच्या आत जागा सोडा: सेकंदाला १२ मीटरने जाणारा ड्रोन ब्रेक लागल्यावरही तीसेक मीटर पुढे जातो, सिग्नलच्या उशिराचे दहा-बारा मीटर धरले तर ४०. १५० मीटर मंजूर असतील तर फेन्स ११० ला लावा.

फ्लाइट दाखवणाऱ्या मोबाइल ॲपवर भिस्त ठेवू नका. ती ॲप विमानांनी स्वतःहून पाठवलेला एडीएस-बी सिग्नल जमिनीवरच्या रिसीव्हरनी पकडला तरच विमान दाखवतात. शंभर-दीडशे मीटरवरून उडणारं हेलिकॉप्टर दूरच्या रिसीव्हरच्या नजरेतच येत नाही, आणि लष्करी विमानं बऱ्याचदा दिसतच नाहीत. ड्रोनवर किंवा सोबत १०९० मेगाहर्ट्‌झचा एडीएस-बी रिसीव्हर असेल तर चांगलंच, तो थेट पकडतो. पण त्याचा उपयोग एकाच दिशेने होतो: विमान दिसलं तर आहे हे नक्की, दिसलं नाही तर नाही असं नक्की नाही. उलट बाजूने, मोठ्या विमानांमधली टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा फक्त ट्रान्सपॉन्डर (स्वतःची ओळख रेडिओवरून कळवणारं उपकरण) असलेल्यांनाच ओळखते. तुमच्या ड्रोनवर तो नाही, शिवाय जमिनीपासून सुमारे १००० फुटांच्या खाली टीकॅस बचावाचे आदेश देत नाही. 'त्यांच्याकडे यंत्रणा आहे, ते बघून घेतील' हे इथे अजिबात लागू होत नाही.

किती अंतर पुरे, असंही विचारलं आहे. छोट्या ड्रोनसाठी आंतरराष्ट्रीय मानकात आडवं २००० फूट आणि उभं २५० फूट, म्हणजे साधारण ६०० आणि ७५ मीटर, असं सुरक्षित अंतर धरतात. यापैकी एक तरी राखलं गेलं पाहिजे. हेलिकॉप्टर १५० मीटरवर असेल तर ७५ मीटर उभं अंतर ठेवायला तुम्ही ७५ च्या खाली हवेत. ६० मीटरवर काम करा असं वर म्हटलं त्यामागचं हेही एक कारण.

एकाच शेतात फवारणीचा आणि मॅपिंगचा ड्रोन एकत्र चालवत असाल तर परतीच्या उंच्या वेगळ्या ठेवा, फवारणीचा १५ मीटरवरून, मॅपिंगचा ५० वरून, आणि दोघांचे होम पॉइंट किमान ३० मीटर लांब. बाकी यात विशेष काही नाही.

ताबा सुटून ड्रोन भलतीकडे जायला लागला तर काय, याची चिठ्ठी रिमोटला चिकटवून ठेवा. यलो झोनमध्ये परवानगीसोबत मिळालेला टॉवरचा नंबर त्यावर हवा. बोलायचं ते या क्रमाने: ड्रोन ताब्यात नाही, शेवटचं ठिकाण (ओळखीची खूण आणि विमानतळापासून दिशा-अंतर), शेवटची उंची जमिनीपासून फुटांत, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने, बॅटरी किती मिनिटांची, वजन. 'बेसा चौकाजवळ, विमानतळाच्या पूर्वेला ५ किलोमीटर, १६० फूट, पश्चिमेकडे, १४ मिनिटं, दीड किलो.' पश्चिमेकडे म्हणजे धावपट्टीकडे, म्हणून ते वाक्य दहा सेकंदांत बोलता आलं पाहिजे. 'आधी शोधून पाहू' म्हणत पाच मिनिटं थांबलात तर ड्रोन तोवर धावपट्टीवर असेल. अपघात झाला तर ४८ तासांत डिजिटल स्कायवरून कळवायचा असतो. लॉग काढून ठेवा, पुसू नका, आणि बॅटरी तशीच ठेवा.

शेवटचा मुद्दा, बिल्डरने सुचवलेला: २५० ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन वापरला तर परवानगीची कटकट नको ना? नॅनो ड्रोनला पायलटच्या प्रमाणपत्रातून आणि विम्यातून सूट आहे. झोनमधून सूट नाही, लाल आणि पिवळं त्यालाही तितकंच लागू आहे. आणि त्याच्या वजनावरही विसंबू नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एक ड्रोन धडकून भोक पडलं आणि आग पेटलेली असताना ते विमान जमिनीवर उभं करावं लागलं. तो ड्रोन याच छोट्या गटातला, अडीचशे ग्रॅमच्या आतला होता. बिल्डरला हेच सांगा, आणि अर्ज आजच भरा.